अकारविल्हे पाणी

आमच्या कॉलनीत नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि भांडणं रोज येतात. मधल्या दिवसांसाठी कोपऱ्यातल्या मोकळ्या प्लॉटवर कॉलनीची बोअर आहे. सकाळी मोटार सुरू झाली की एकेका घराला पाळीनं पाणी सोडतात. पहिल्या घरांना धो-धो, मधल्यांना धार, आणि शेवटच्या दोन घरांना आधी गढूळ, मग लाल आणि मग नुसती हवा. ती हवा नळातून बाहेर पडताना जो आवाज करते तो दम्याच्या माणसानं ऐकू नये असा असतो. आमची पाळी कायम शेवटी, म्हणून मी तो बरीच वर्षं ऐकतोय.

पाळी कुणाची आधी, यावर गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला चेअरमन आळंगे आणि गड्डम यांच्यात बादली फेकून मारण्यापर्यंत मजल गेली. बादली प्लास्टिकची होती आणि अर्थातच रिकामी होती, म्हणून प्रकरण पोलिसांत न जाता सोसायटीच्या सभेत आलं. सभा आळंग्यांच्याच गच्चीवर. बसायला सतरंजी, खायला गड्डमांच्या घरची शेंगाचटणी आणि कडक भाकरी. भांडण कितीही टोकाचं असो, आमच्याकडं चटणी येते.

"हे बघा, वाद नको," आळंगे म्हणाले. "अकारविल्हे लावू. आडनावाप्रमाणं. कॉम्प्युटर लावंल तसं. माणसाचा हातच नको त्यात."

"तुमचं आडनाव आ वरनं चालू होतंय म्हणून का ओ?" गड्डमांनी विचारलं.

"ते आमच्या पणज्याला विचारा. मी ठेवलं का आडनाव?"

तेवढ्यात मी उभा राहिलो. मी, रामहरी क्षीरसागर, सात रस्ता चौकाजवळच्या एका सरकारी कचेरीतून ज्येष्ठ लिपिक म्हणून निवृत्त. निवृत्तीनंतर सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, प्रमाणपत्र दिवाणखान्यात लावलेलं. मी म्हणालो, "हे काम माझ्याकडं द्या. साधी यादी नको. आपण रीतसर डेटाबेस सर्व्हर बसवू. कोण गावाला गेलं, कुणाची पाळी चुकली, सगळं आपोआप कळेल."

टाळ्या झाल्या. नोकरीत असताना माझ्यासाठी फक्त निरोप समारंभात टाळ्या वाजल्या होत्या आणि त्यातही निम्म्या लोकांच्या हातात वडा होता. त्यामुळे मी जरा वाहवलो आणि "आठ दिवसांत करून देतो" असंही म्हणालो.

घरी आल्यावर ही म्हणाली, "अकारविल्हे म्हणजे आपण परत शेवटीच की."

मी चप्पल काढत होतो, तसाच थांबलो. खरंच की. शाळेच्या हजेरीत मी शेवटचा. देवीची लस टोचायला डॉक्टर आले तेव्हा मी शेवटचा, तोवर सुई बोथट झालेली. कचेरीत एकाच दिवशी रुजू झालेल्यांची ज्येष्ठता यादी अकारविल्हे लागली आणि माझी बढती यायच्या आत माझं वय आलं. आणि आता साठी उलटल्यावर मी भर सभेत उभा राहून स्वतःला स्वतःच्या हातानं शेवटी बसवण्याचं काम मागून घेतलं होतं, तेही फुकट.

"आणि मे महिन्यात पोरं यायचीत," ही म्हणाली.

खरी मेख तिथं होती. आमचा अमृत पुण्याला कंपनीत असतो. सूनबाई अंकिता, नात संस्कृती. आदल्या वर्षीच्या मे महिन्यात तिघं पंधरा दिवसांसाठी आली आणि तिसऱ्या दिवशी परत गेली. अंकिता स्वभावानं चांगली आहे, एक शब्द वाकडा बोलली नाही. पण तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं डोक्याला शाम्पू लावला आणि नळातून हवा आली. डोक्याला टॉवेल बांधून तिनं बॅग भरली. संस्कृती रिक्षातून मागं वळून बघत होती. ती रिक्षा वळणावर दिसेनाशी झाल्यावरच आम्ही दोघं घरात आलो. या वेळी अंकितानं फोनवर आधीच विचारलं होतं, "बाबा, पाण्याचं काय?" मी म्हणालो होतो, "बघतो."

मी अमृतला फोन लावला. तो म्हणाला, "बाबा, तीस घरांची यादी. वहीत लिहा की."

"वही चेअरमनच्या घरी राहील."

"मग एक्सेलमध्ये करा."

"मी सभेत सर्व्हर म्हणून बसलोय."

मुलानं फोन बाजूला धरून कपाळ दाबलं असणार, ते मला कळतं. मग त्यानं एक फुकटचा डेटाबेस सर्व्हर कुठून उतरवून घ्यायचा ते पाठवलं आणि सांगितलं, "काही विचारलं तरी बदलू नका. सगळीकडं नेक्स्ट, नेक्स्ट करा."

मुहूर्त शुक्रवारचा निघाला. अमृतचा जुना कॉम्प्युटर देवघराशेजारच्या टेबलावर मांडला. हिनं हळदकुंकू वाहिलं. आळंगे सोसायटीतर्फे नारळ घेऊन आले आणि तो त्यांनी टेबलाच्या कडेवरच फोडला. नारळाला चांगलं पाणी होतं. आमच्या कॉलनीत त्या दिवशी तेवढंच एका ठिकाणी पाणी होतं आणि ते सगळं कीबोर्डात गेलं.

सात रस्त्याला बसवेशचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं कीबोर्ड उलटा करून हलवला, वास घेतला आणि म्हणाला, "काका, ह्याला मुक्ती द्या. आणि सर्व्हरला फुलं चालतात, पाणी न्हाई चालत."

नव्या कीबोर्डवर मी पुन्हा सुरुवात केली. नेक्स्ट. नेक्स्ट. एका पानावर 'कोलेशन' असा शब्द आला, पुढं इंग्रजीत काहीतरी आधीच निवडलेलं होतं. मला तो कुठल्या तरी किरकोळ सुविधेचा प्रकार वाटला. मुलानं सांगितल्याप्रमाणं मी नेक्स्ट केलं. तीस घरांची नावं दोन दिवस एकेका बोटानं मराठीत भरली आणि ठरल्या दिवशी पहिली यादी छापून सभेत वाटली.

यादीत सगळी प्रश्नचिन्हं होती. ओळीच्या ओळी. आडनावाच्या जागी प्रश्नचिन्हं, नावाच्या जागी प्रश्नचिन्हं, घरातल्या माणसांची संख्या तेवढी बरोबर.

मग आळंगे म्हणाले, "पहिली ओळ माझी असणार." त्यावर गड्डमांनी आपल्या नावाची अक्षरं बोटांवर मोजली आणि यादीतल्या प्रश्नचिन्हांशी जुळवून बघायला लागले. ते बघून सगळ्यांनीच मोजायला घेतलं. दोन घरांची सारखीच चिन्हं निघाल्यावर त्यांच्यात वाद सुरू झाला. मी कठड्याला टेकून उभा होतो. कठडा फार उंच नव्हता, असं तेव्हा माझ्या मनात येऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी बसवेशनं समजावून सांगितलं. "काका, कोलेशन म्हंजे सर्व्हरला सांगून ठेवायचं, कुटली अक्षरं चालणार, कुटलं आधी आणि कुटलं नंतर. तुमी इंग्रजीचं बसवलंय. त्याला आपलं अक्षर म्हंजे काय तेच म्हाईत न्हाई. आता सगळं काढून परत बसवा."

"नुसतं बदलता येत नाही?"

"पाया भरल्यावर घराचं तोंड फिरवता येतंय का?"

सर्व्हर काढणं हे प्रकरण मी लिहीत नाही, कारण ते आठवलं की मला अजून पित्त होतं. एवढंच सांगतो की एखाद्या भाडेकरूला काढणं परवडलं. काढला म्हणावं तर परत बसवताना तो म्हणे, "मी इथंच आहे."

दरम्यान कोलेशनची बातमी कॉलनीत पसरली. क्रम कुठल्या भाषेचा लावायचा हे कुठंतरी निवडावं लागतं, एवढं लोकांना कळलं आणि झालं. गड्डम सकाळी दूध घेताना म्हणाले, "निम्मी घरं आमची हायेत ओ. तेलुगूचा क्रम का नको?" आळंगे म्हणाले, मग कन्नडचा का नको, कन्नड बोलणारं अक्कलकोट काय लांब आहे का? एक निवृत्त मास्तर संस्कृतचा घ्या म्हणाले, कारण त्याला कुणी हरकत घेऊ शकत नाही. शेवटी उपसमिती नेमली. उपसमितीत मी सर्व्हरची पानं वाचून दाखवली. 'केस सेन्सिटिव्ह' आलं तेव्हा आळंगे ताठ बसले, कारण त्यांची शेजारच्या भिंतीवरून कोर्टात केस चालू आहे. ते काही आपल्याबद्दल नाही हे पटवण्यात अर्धा तास गेला.

आमच्या भिंतीला भिंत लावून हिरेमठ बाईंचं घर आहे. नागव्वा हिरेमठ. सत्तरीच्या, एकट्या. मिस्टर जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी हुबळीला दिली. त्यासुद्धा उपसमितीच्या बैठकीला आल्या होत्या, कोपऱ्यात बसून वाती वळत होत्या. मी त्यांना विचारलं, "बाई, तुमचं मत काय? कुठला क्रम असावा?"

"मला काय कळतंय की त्यातलं," त्या म्हणाल्या. "पाणी येऊ दे म्हंजे झालं."

ठराव मंजूर झाला: योग्य ते कोलेशन श्री. क्षीरसागर यांनी स्वतःच्या जबाबदारीवर निवडावे.

मग एक दुपार. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नाही. ही आत झोपलेली. पंखा गरम हवा खाली ढकलत होता आणि मी सर्व्हरपुढं बसलो होतो. कोलेशनची भलीमोठी यादी उघडली होती. त्यात जगातल्या कुठल्या कुठल्या भाषा होत्या, आणि त्यांच्यात मराठीही होती. सरळ, स्वच्छ, शोधावी न लागता. मी ती निवडून नावं लावून बघितली. आळंगे पहिले, तळाला हिरेमठ आणि त्यांच्याखाली क्षीरसागर. आपल्या अंकलिपीत क्ष, ज्ञ शेवटी, तसंच.

मग मी सहज म्हणून दुसरं एक बघितलं. 'सर्वसाधारण' अशा अर्थाचं काहीतरी होतं. त्या क्रमात क्ष हे वेगळं अक्षर धरतच नाहीत, त्याला क च्या कुटुंबातलं मानतात. मी नावं लावली आणि माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. क्षीरसागर कोळींच्या खाली आणि खरातांच्या वर. वरून सातवे! उभ्या आयुष्यात मी कुठल्याच यादीत सातवा नव्हतो. मी उठून पाणी प्यालो, परत येऊन बघितलं. सातवाच.

मी स्वतःला बरंच काही सांगितलं. हे कोलेशन मी बनवलेलं नाही. जगातले विद्वान बसून ठरवतात. ठरावात 'योग्य' असा शब्द आहे आणि सातवा क्रमांक मला सर्व दृष्टींनी योग्य वाटत होता. संस्कृती रिक्षातून मागं वळून बघत होती, तेही आठवलं. आणि मी नेक्स्ट दाबलं.

यादी छापून आली. आळंग्यांनी चष्मा लावला. "क्षीरसागर हितं मधीच कसे? क्ष तर शेवटी असतंय."

"शाळेत," मी म्हणालो. "ही जागतिक व्यवस्था आहे."

"कॉम्प्युटरनं लावलंय का?"

"कॉम्प्युटरनंच."

"मग जगात तसंच असंल," गड्डम म्हणाले. आळंगे तर पहिलेच होते, त्यांना बाकीच्या जगाशी कर्तव्य नव्हतं. त्यांनी सही केली, सोसायटीचा शिक्का मारला आणि यादी मोटारीच्या खोलीच्या दारावर लावली. येताजाता लोक तिच्याकडं बघून मान डोलवायचे. हातानं लिहिलेल्या यादीवर आमच्याकडं दगड पडले असते, पण छापलेली यादी म्हटल्यावर एका माणसानं देवळात काढावी तशी चप्पलसुद्धा बाहेर काढली.

मी वर सरकलो तसं माझ्या खालचं प्रत्येक घर फक्त एका पायरीनं खाली सरकलं. एका पायरीसाठी कोण भांडतो? पंधरा ऐवजी सोळा, वीस ऐवजी एकवीस, कुणाला काही वाटलंच नाही. पण त्या सगळ्या पायऱ्या घसरत घसरत तळाला हिरेमठ बाईंच्या अंगावर आल्या. त्या आधी शेवटून दुसऱ्या होत्या, त्यांना दोन कळश्या लाल पाणी तरी मिळायचं, ते निवळून त्या वापरायच्या. आता त्या शेवटच्या झाल्या.

आमच्याकडं मात्र पिंप भरलं. टाकी भरली. ही तीन वर्षांत पहिल्यांदा चादरी धुवायला काढताना गुणगुणली. मे महिना लागताच पोरं आली. अमृतनं पहिल्या संध्याकाळी सर्व्हर बघितला आणि विचारलं, "बाबा, हे कोलेशन कशाला घेतलं? मराठीचं होतं की यादीत."

"दिसलं नाही," मी म्हणालो.

तो माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "ठीक आहे," आणि स्क्रीन बंद केली. दोन दिवसांनी तो कामावर परत गेला. अंकिता आणि संस्कृती राहिल्या. पंधरा दिवस राहणार होत्या, त्याचा महिना करू या असं अंकिता आपणहून म्हणाली. हिनं मला स्वयंपाकघरात बोलावून ते दोनदा सांगितलं.

सकाळी संस्कृतीला अंगणात टबमध्ये बसवायचो. ती पाणी उडवायची, हसायची. पलीकडून, भिंतीच्या त्या बाजूनं, हिरेमठ बाईंचा नळ खाकरायचा. तो आवाज मला परका नव्हता. फक्त आजवर तो माझ्या घरातून यायचा.

मी संस्कृतीला म्हणालो, "पाणी उडवू नको."

भिंतीवरून हिरेमठ बाईंचं डोकं दिसलं. "खेळू दे की ओ," त्या म्हणाल्या. "लेकरू हाय." आणि मग हसून, "तुमचा नंबर वर गेला ते लई बरं झालं बघा. किती वर्सं शेवटी हुतात. आता माजी पाळी आली, एवढंच."

त्या दिवशी चहा मला गेला नाही. मी त्या बाईंच्या चेहऱ्यात टोमणा शोधत होतो. सापडला असता तर फार बरं झालं असतं.

मी हिला काही सांगितलं नाही, पण बायकांना सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवसापासून ही आमच्यातली एक बादली बाईंच्या दारात ठेवायला लागली. मला हलकं वाटलं. म्हटलं, झालं, हिशेब मिटला. माणसाचा स्वार्थ किती स्वस्तात समाधानी होतो बघा.

पण आमच्या गल्लीत शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. वाटी आली तर वाटीत काहीतरी घालून द्यायचं, चिमूटभर साखर का असेना. पाण्याच्या बादलीला हा नियम लागतो असं मी कधी ऐकलं नव्हतं. हिरेमठ बाईंनी तो लावला. पहिल्या दिवशी बादलीत दोन शेवग्याच्या शेंगा आल्या. मग लिंबं. मग पुडीत बांधलेली जवसाची चटणी. मग मूठभर शेंगदाणे. मग चार वाती. आमच्या देवघरात त्या वाती लावताना माझा हात थांबला आणि ही म्हणाली, "लावा. आता कशाला थांबलात?"

एक दिवस ही भरलेली बादली घेऊन गेली आणि भरलेलीच परत घेऊन आली.

"काय झालं?"

"नको म्हणाल्या."

"का?"

"म्हणाल्या, घरात आता परत घालायला काही न्हाई, तवा न्या." हिनं बादली खाली ठेवली. "मी म्हटलं, बाई, रिकामी द्या, आम्हाला काही नको. तर म्हणाल्या, तसं कसं, रीत हाय." ही माझ्याकडं वळली. "तुम्ही काय केलंय ते मला माहीत नाही. पण ते नीट करा."

मी सर्व्हरपुढं बसलो. अंकिता शेजारच्या खोलीत संस्कृतीला झोपवत होती. मी कोलेशन बदलून मराठी केलं. सर्व्हर म्हणाला, झालं. मी यादी काढली. क्षीरसागर सातवेच. पुन्हा केलं, पुन्हा सातवे. बसवेशला फोन केला.

"काका, जुनी नावं जुन्याच क्रमाला चिकटलेली असत्यात," तो म्हणाला. "तुमी बदललं ते फक्त नवीन येणाऱ्यांना लागू. आत शिरून एकेकाला सांगावं लागंल, न्हाईतर काढून परत भरा."

मला वर सरकायला एक बटण पुरलं होतं. खाली यायला चार दिवस लागले. सर्व्हर पुन्हा काढला, पुन्हा बसवला, या वेळी त्या पानावर थांबून, चष्मा पुसून मराठी निवडलं. तीस घरं पुन्हा एकेका बोटानं भरली. मध्ये वीज गेली, पुन्हा भरली. सभेत काय बोलायचं ते मी आंघोळ करताना पाठ करत होतो. 'मित्रहो, यादीत एक त्रुटी राहून गेली' असं वाक्य मी तयार केलं होतं. मग 'माझ्याकडून' हा शब्द घातला, काढला, परत घातला. अंकिताला सांगायचं राहिलं होतं की आता शाम्पू शक्यतो लावू नये.

चौथ्या दिवशी सकाळी यादी छापली. आळंगे पहिले, एकोणतिसाव्या हिरेमठ, तिसावे क्षीरसागर. कागद अजून गरम होता. तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला.

मोटार चालू होती आणि पाणी येत नव्हतं. पहिल्याच घराला, आळंग्यांच्या नळालाच, हवा आली होती. आळंगे बनियनवर रस्त्यात उभे राहून आपल्या नळाकडं असं बघत होते, जणू त्यानं तोंडावर शिवी दिली असावी. गड्डम म्हणाले, "बोअर गेली ओ. तळ लागला." मोटार बंद केली, चालू केली, पुन्हा बंद केली. अकारविल्हे तीस घरांत समान पाणी झालं होतं.

दोन दिवस कुणाकडंच काही नव्हतं. आमचं पिंप तळाला गेलं. अंकिता काही बोलली नाही, पण तिनं बॅग कपाटातून काढून पलंगावर ठेवलेली मी बघितली. संस्कृतीनं विचारलं, "आबा, टब?" मी म्हणालो, "उद्या."

तिसऱ्या दिवशी दुपारी टँकर आला. कुंभारी गावाकडच्या कुणाच्या तरी विहिरीवरून आळंग्यांनी ओळखीनं मिळवला होता. टँकर लागल्यावर कुठली यादी नि कुठलं काय. जो पळाला तो पुढं. कॉलनीतली तरणी माणसं आधी, मग ज्यांचे गुडघे बरे आहेत ती. मी घरात होतो, कारण दुरुस्त केलेली यादी दारावर लावायला मी टाचण्या शोधत होतो. बोअर कोरडी असली तरी चूक ती चूक, असं मला वाटत होतं. टँकरचा भोंगा ऐकून मी एका हातात यादी आणि दुसऱ्या हातात दोन घागरी घेऊन पोचलो, तेव्हा रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती. माझ्या पुढं हिरेमठ बाई. माझ्या मागं कुणी नाही.

पुढून कुणीतरी ओरडलं, "पाइपची धार बारीक झाली!"

रांग अस्वस्थ झाली. मी यादी उलगडली. ते तोंडपाठ केलेलं वाक्य आठवेना. "बाई," मी म्हणालो, "ती यादी चुकली होती. मी चुकवली होती. आता नीट केलीय. तुम्ही माझ्या आधी आहात."

त्यांनी कागदाकडं बघितलं नाही. ऊन डोळ्यांवर येत होतं, त्यांनी पदर पुढं ओढला. "म्हाईत हाय की," त्या म्हणाल्या. "माजी पोरगी हितल्याच मराठी शाळेत शिकली. क्ष शेवटी असतंय, ते मला बी ठावं हाय."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमची नात आली हुती की ओ."

मला त्या डांबरात गाडून घ्यावंसं वाटलं. पुढं धार आणखी बारीक झाली आणि लोक पुढं सरकले. आमच्यापुढं चार घरं राहिली असतील. टँकरवाला पाइप वर धरून झटकत होता.

हिरेमठ बाईंनी आपली कळशी उचलली आणि बाजूला झाल्या. "या, पुढं या," त्या म्हणाल्या. "घरात लेकरू हाय. मी एकटी, मला किती लागतंय. आणि शेवटी उभं राहायची मला सवय झाली."

मी "नको, नको" म्हणालो. दोनदा म्हणालो, तिसऱ्यांदाही म्हणालो. आणि त्यांच्या पुढं जाऊन उभा राहिलो.